आईने हत्तींना ऊन दाखवलं

ग्लासगोकरांनो, आज ऊन पडलं आणि माझा घात झाला.

जुन्या जंगल-मोहिमांच्या फिल्मची रिळं मी जमवते, हे तुम्हाला माहीतच आहे. ऑफिसमधून आले तर पुण्याहून आलेल्या आईने गार्डनमध्ये डाळी, ब्लँकेटं आणि माझं सगळ्यात जुनं रीळ वाळत घातलेलं. उलगडून, दोरीवर!

“अगं, आंबूस वास मारत होतं. जरा ऊन दाखवलं.”

“आई, उन्हाने फिल्म खराब होते गं!”

“ओरडू नकोस. उजेडात धरून बघितलं मी. हत्तीचं पिल्लू नदीत घसरतं, कसलं गोड आहे!”

फिल्म तुटेल या भीतीने चार वर्षं मी त्या रिळाचा डबा न उघडता नुसता जपलाय. त्यात पिल्लू आहे, हे मला आज कळलं.

तुम्हीच सांगा, आता चिडू कोणावर?