अक्कांचा मंदीतला अर्थसंकल्प

खर्चाला कात्री लावण्यात एवढा आनंद मानणारी बाई उभ्या मराठवाड्यात एकच झाली, आणि ती म्हणजे माझी थोरली नणंद. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. माझ्या लग्नात बुद्धवंदना आटोपली, वरात निघायची वेळ झाली, तर अक्का बँडवाल्यांभोवती दोन फेऱ्या मारून आल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, "मास्तर, तुमी बारा जण हायत. सात वाजवायलेत, पाच नुसते गाल फुगवायलेत. पाचांना जेवायला बसवा आणि बिल सातांचं करा." मास्तर चिडले. मग अक्कांनी त्या पाचांना भर रस्त्यात एकेक करून वाजवायला लावलं. चौघांच्या कर्ण्यातून हवा आली. पाचव्यानं मात्र अशी झकास लकेर घेतली की अक्कांनी पर्समधली नोट काढून त्याच्या टोपीत खोचली. नवरी असूनही मी खो खो हसले. सासर आवडायला लागलं ते तिथून.

त्यांना कंजूष म्हणणाऱ्यांशी मी अजून भांडते. घरी आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नसे. ताटात टाकलं तर मात्र त्याची खैर नसे. आलेली पाकिटं उसवून, उलटी चिकटवून त्या पुन्हा वापरत. रिक्षावाल्याशी भावाची घासाघीस करत नसत, सरळ चालू लागत. शंभरेक पावलांवर रिक्षावालाच मागून येऊन म्हणे, "बसा बाई, तुमी म्हनाल तेवढं द्या." नवीन काही घ्यायचं निघालं की त्यांचा एकच प्रश्न असे, "न्हाई घेतलं तर कोण रडणार?" फ्रिजच्या वेळी माझे यजमान म्हणाले, "मी रडेन." अक्का लगेच म्हणाल्या, "मग घ्या."

अशी ही बाई आमच्या जिल्हा परिषदेत वित्त अधिकारी होती आणि मी त्याच इमारतीत, कृषी विभागात लिपिक. टाळेबंदीनंतरचं ते वर्ष. बाजार बसलेला, जमिनींची खरेदी-विक्री थंड, त्यामुळे मुद्रांक शुल्कातला आमचा वाटा आटलेला. दुकानगाळ्यांची भाडी येईनात, वरून येणारा निधी अडकलेला. सगळ्या कचेरीवर सुतकी कळा आली होती. अक्का मात्र पदर खोचून, डोळे चमकवत जिन्यात भेटल्या. "अगं, पैसा असला की कुणीबी साहेब होतंय. खरी मजा आता हाय!"

पहिल्या आठवड्यातच त्यांनी स्वतःची सरकारी गाडी जमा केली. मग साहेबलोकांच्या खोल्यांतले एसी बंद झाले, छापील डायऱ्या गेल्या, बैठकीतली काजूची बशी गेली. एवढं करूनही आकडे जुळेनात. आरोग्य केंद्रांच्या गाड्यांचं डिझेल आणि कंत्राटी चालकांचा पगार आमच्याच स्वनिधीतून, म्हणजे परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून, भागवायचा होता. त्याला पैसा मिळत नव्हता, कारण उरलेल्या पैशावर प्रत्येक सदस्याचं आपापल्या गावातलं एकेक काम नोंदवलेलं होतं. गाड्या थांबवाव्यात असं टिपण तयार झालं. अक्कांची सही तेवढी बाकी होती.

"कोण रडणार ते बघून येऊ," म्हणाल्या आणि रजा टाकायला लावून मला एसटीनं सोनपेठकडच्या एका आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. आम्ही पोचतो तोच तिथला चालक गाडी काढत होता. लांबच्या वस्तीवर एक बाई अडली होती. अक्का कुणाला न विचारता आत चढल्या. "बाई, रस्ता न्हाई, नुसता चिखल हाय," चालक म्हणाला. "मग घट्ट धरते," अक्का म्हणाल्या. गाडी अशी उधळली की माझं डोकं चारदा टपाला लागलं. येताना त्या पोरीला घेतलं, सोबत तिची सासू. अक्कांनी पोरीचा हात धरला होता. पोरगी कळेसरशी त्यांच्या मनगटात नखं रुतवी आणि अक्का ओरडत, "अरे दाब की पाय!" पोचून दहा मिनिटं झाली नसतील, आतून रडणं ऐकू आलं. सासूनं अक्कांना मिठी मारली. चालक चाकाला टेकून, चिखलानं माखलेल्या तोंडानं हसत होता.

अर्थसंकल्पाच्या सभेला टिपणं घ्यायला मला बसवलं होतं. सभागृहात नुसता गलका. राणीसावरगावकडचे एक वयस्क सदस्य टेबलावर हात आपटत होते, "माझ्या गावाची कमान खोडाल तर बघा! तीन वर्षं झाली मागायलोय!" अक्का उभ्या राहिल्या. आकड्यांचा कागद त्यांनी उचललाच नाही. बांगड्या मागे सारून नखांचे वण असलेलं मनगट दाखवलं आणि त्या वस्तीवर काय झालं ते साध्या शब्दांत सांगितलं. "गाड्या थांबवायच्या कागदावर मी सही करणार न्हाई," त्या म्हणाल्या. "पैसा कुठून आणायचा ते तुमी सांगा."

मग तेच म्हातारे सदस्य सावकाश उठले. "म्याडम, माझी धाकटी लेक अशीच वाटंत गेली. बैलगाडीत." मग माझ्या कागदाकडे बोट करून म्हणाले, "कमान खोडा."

आणि मग जे झालं ते लिहिताना माझा हात पुरेना! "माझे पेव्हर ब्लॉक खोडा!" "आमचा सभामंडप पुढल्या साली घ्या!" "अहो, माझं आधी लिहा, मी आधी उठलो!" वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारे दोघे सदस्य एकाच वेळी आपापल्या कामावर काट मारायला धावले. मी खोडतेय, पुन्हा लिहितेय, आणि अक्का लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवतायत. गाड्या एक दिवसही थांबल्या नाहीत.

पुढच्याच वर्षी अक्का निवृत्त झाल्या आणि लेकाकडे पुण्याला गेल्या. दर रविवारी दुपारी त्यांचा फोन येतो. पाऊस, ज्वारी, शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं बोलून होतं. मी फोन ठेवायला जाते, तेवढ्यात त्या विचारतात, "आणखी काय गं?" आणखी काही नसतं. तरी मी पुन्हा खुर्चीत बसते आणि सांगू लागते.