मातामाय घरात असताना

सक्करदऱ्याला ताईच्या घरात पाय ठेवला आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ऐन स्वयंपाकाची वेळ, आणि फोडणीचा वास नाही. वर पाहिलं तर दारावर कडुनिंबाचा डहाळा. माझं डोकंच फिरलं. अंगावर माता आली, म्हणजे कांजिण्या उठल्या, की आमच्याकडे फोडणी बंद, औषध बंद आणि डॉक्टरचं तर नावही काढायचं नाही. आजारी माणूस म्हणजे साक्षात मातामाय पाहुणी आलेली.

भाऊजी आतल्या खोलीत कडुनिंबाच्या पाल्यावर निजले होते. हातापायांवर लाल ठिपके. ताई त्यांच्या पाया पडत होती. ज्या नवऱ्याला ती एरवी उष्ट्या कपावरून दहा गोष्टी सुनावायची, त्याला विचारत होती, "माय, काही पाहिजे का?"

"कुठं नेऊ नका," भाऊजी डोळे न उघडता पुटपुटले. दवाखान्याला ते पहिल्यापासून भीत. पण ताईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हुकूमच सुटला होता.

"आयकलं? मायच नाही म्हणून राहिली. ताप बी उतरला कालपासून. शांत झाली माय."

ताप उतरला म्हटल्यावर बरं वाटायला हवं होतं. उलट मी वाकून भाऊजींचं तोंड निरखलं. आमच्या गल्लीत डेंग्यूने एक तरणा माणूस ताप उतरल्यावरच गेला होता. भाऊजींच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि ताई ते पदराने हळूच टिपत होती.

मी भांडखोर आहे, साऱ्या नात्यात माझी तशी ख्याती आहे. देवबीव काही नसतं, हे तिच्या तोंडावर सांगायला जीभ शिवशिवत होती. पण गिळलं. तिने मला बाहेर काढलं असतं आणि भाऊजी आतच राहिले असते.

"ताई, माता माणसाले किती वेळा येते?"

"एकदाच. तुले माहीत नाही का?"

"मंग भाऊजींच्या कपाळावर हा वण कायचा?"

लहानपणच्या मातेचा वण होता तो. मायने टिळा लावलाय, असं लग्नात ताईच सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरली होती. तिने वाकून वणावर बोट ठेवलं. बराच वेळ उचललं नाही.

"असं काहून विचारून राहिली वं?" ती म्हणाली. तिला इतकी भ्यालेली मी कधी पाहिली नव्हती. मग तीच म्हणाली, "आटो आण."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे हे. ताईने सांगितलं. त्यांनी लगेच स्ट्रेचर मागवलं. भाऊजी घरी परत आले नाहीत.

तेरवीला येणारी प्रत्येक बाई ताईला सांगत होती, "मायची मर्जी. तिनंच नेलं." एरवी अशा बोलण्यावर मी पेटून उठले असते. त्या दिवशी मनापासून वाटत होतं की ताईने हे ऐकावं, तिला ते पटावं. सगळ्या गेल्यावर ती माझ्याजवळ सरकली.

"माता नसंन, तर मीच त्याइले घरात ठेवून मारलं. तू खोटं बोलत नाही. सांग, माताच होती ना?"

"माताच होती, ताई."

"घे मायची शप्पथ."

मी घेतली. एका क्षणाचाही विचार केला नाही.

ती मागे सरकली. "तू तर मानतच नाही तिले," ती म्हणाली. "आन आता मी बी नाही."