नवसाचा नैवेद्य

डॉक्टरांना विचारलंय, असं मी घरात सांगितलं होतं. विचारलं नव्हतं. हे आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोलाही ठाऊक नाही.

लेक तेव्हा दहावीत. पाळी महिनोन् महिने यायची नाही, हनुवटीवर केस दिसायला लागले होते. शाळेत पोरी मिशीवाली म्हणायच्या, आणि त्याच शाळेत मी शिक्षक. परभणीला सोनोग्राफी झाली, पीसीओएस निघालं. तिथल्या डॉक्टरीणबाई या वयाच्या मुलींना कोणती हार्मोनची गोळी मानवते, याचा अभ्यास करत होत्या. त्यात लेकीचं नाव घातलं. तीन आठवडे गोळी, मग आठवडाभर खाडा; त्या खाड्यात पाळी यायची. बाईंनी मला बजावलं होतं, "सर, मला विचारल्याशिवाय दुसरं कुठलंच औषध देऊ नका. हिचं तर बिघडेलच, पुढच्या मुलींसाठीही चुकीचं उत्तर निघेल."

गोळी मानवली. पाळी वेळेवर यायला लागली. लेक ओढणी तोंडावरून काढून शाळेत जाऊ लागली.

आणि एक खाडा नेमका महालक्ष्म्यांत आला. पेडगावात आमच्याकडं महालक्ष्म्या बसतात, सगळी भावकी जेवायला असते. पाळीत लेकीला चुलीपाशी जाता येणार नव्हतं. बायको म्हणाली, "बसू द्या की बाजूला. कळू द्या गल्लीला, पोरीला पाळी येती म्हणून."

पण मी मनातल्या मनात नवस बोललो होतो: हिची पाळी सुरू होऊ दे, यंदाचा नैवेद्य हिच्या हातचा. पाळी सुरू झाली होती. आता नवस फेडायला तीच पुढं ढकलायची होती, आणि यात काही चुकतंय हे मला तेव्हा दिसलंच नाही. मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या आणल्या. सणावाराला गावातल्या कितीतरी बाया घेतात, दुकानदारानंही काही विचारलं नाही.

लेक गोळी तळहातावर धरून म्हणाली, "अप्पा, मॅडमला इचारलंय न्हवं?"

"इचारलंय."

नैवेद्य झाला. तिच्या पुरणपोळ्या भावकीनं वाखाणल्या. पुढं रक्त जायला लागलं ते थांबेना. पोरगी पांढरीफटक पडली. दवाखान्यात बाईंनी विचारलं, मधे दुसरी कुठली गोळी दिली होती का. लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हणालो.

"तुम्ही सांगताय म्हणजे प्रश्नच नाही, सर," बाई म्हणाल्या. गोळी हिला सोसत नाही असं ठरलं. ती बंद झाली, अभ्यासातून लेक बाहेर पडली.

पाळी पुन्हा थांबली. दुसऱ्या औषधांनी काही उतार पडला नाही. अभ्यास संपला, बाईंची बदली झाली. लेक आता घरातसुद्धा ओढणी हनुवटीखाली सोडत नाही. मागं एकदा म्हणालो, नांदेडला चांगल्या डॉक्टर आहेत, जाऊ. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तिथंबी तुमीच बोलणार न्हवं, अप्पा?"

पुन्हा विषय काढला नाही.

बाई सध्या कुठं असतात ते मला माहीत आहे. गेलो नाही. त्यांच्या गोळीत दोष नव्हता, दुसरी गोळी मी दिली होती, एवढं त्यांना सांगायचं राहिलंय. तेही लेकीला शेजारी बसवून.