आपलं नाव आपण सांगायचं

फोन सकाळी आठच्या सुमारास आला. पोदेर नुकताच पाव टाकून गेला होता आणि मी चहात पाव बुडवत बसलो होतो. पलीकडून वहिनी म्हणाल्या, "भावजी, गेले." मी नेहमीच्या सवयीनं वही पुढे ओढली आणि विचारलं, "कुणाची होडी? किती जण?"

 मग वहिनी म्हणाल्या, "हे गेले, भावजी. एकटेच."

या प्रश्नाची लाज मला जन्मभर वाटत राहील. पण तो असा का तोंडातून गेला, ते सांगितल्याशिवाय माझा मित्र सदा, वहिनींचा नवरा, सांगता येणार नाही. गोव्यातल्या आमच्या हरमलला समुद्रावर जाणाऱ्या माणसाला कुणी 'गेला' म्हणत नाही. तो शब्द एकट्या सदाच्या घरात चालायचा. गुडघ्यानं त्याला घरी बसवल्यापासून वहिनी सकाळी गॅलरीतून होड्या बघायच्या आणि मला फोन करायच्या, "भावजी, पांडूचे गेले, दोघे." "बाबुसोचे गेले, तिघे." मी वहीत लिहून घ्यायचो. त्या सकाळीही मी पेन्सिल हातात घेतली होती...

गाव त्याला कप्तान म्हणायचं. तो नौदलातून कमांडर म्हणून निवृत्त झाला होता आणि पहिली दोन वर्षं त्यानं प्रत्येकाला हा फरक समजावून सांगितला. लोक नीट ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि "बरें तर, कप्तान" म्हणून निघून जायचे. शेवटी त्यानं हात टेकले. मी मात्र त्याला सदाच म्हणत आलो. पेडण्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. वर्गात पोहता न येणारे दोघेच, एक मी आणि दुसरा हा. त्याच्या वडिलांचं बाजारात लहानसं दुकान, समुद्राशी संबंध बांगड्याच्या कालवणापुरता. कॉलेज संपवून हा नौदलात निघाला, तेव्हा म्हापशाच्या बसमध्ये बसेपर्यंत त्याची आई एकच सांगत होती, "पाण्यात उतरू नको हां!" आम्ही तिला काय सांगणार!

पुढची तीस-बत्तीस वर्षं तो मला पत्रांतून भेटला. विशाखापट्टणम, कोची, कारवार. पत्रात जहाजाबद्दल अक्षर नसायचं. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीला काय काय बांधलं, कुणाच्या काजूला मोहर आला, शाळेच्या छपराचं काय झालं, एवढंच विचारायचा. निवृत्तीनंतर पुण्यात फ्लॅट घेण्याऐवजी त्यानं हरमलला, टेकाडाच्या उतारावर घर बांधलं. मीही शाळेतल्या मास्तरकीतून मोकळा झालो होतो. वाटलं, आता दोन म्हातारे निवांत गप्पा मारू. कसल्या गप्पा! महिन्याभरात त्यानं मला कामाला लावलं. मुलांचे भरतीचे अर्ज भरून दे, रक्तदात्यांची यादी कर, मोरजीला कासवं अंडी घालतात तिथं राखणीला माणसं गोळा कर. मी कुरकुरायचो. मला प्रत्येक गोष्टीत आधी काय बिघडेल ते दिसतं. बायको म्हणते, हा माणूस लग्नाच्या पंगतीतही छत पडेल का ते बघतो. सदा मात्र शांत. त्याचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. त्याच्या शेजारी बसलं की माझीही धडधड कमी व्हायची.

होड्यांची हजेरी ही त्याचीच कल्पना. आमच्या बाजूनं अकरा लहान होड्या सुटतात, मागं एकेक इंजिन लावलेल्या. कोण कधी गेलं आणि आलं की नाही, याचा पत्ता घरच्यांशिवाय कुणाला नसायचा. सदानं माडाखाली एक फळा उभा केला आणि पांढऱ्या रंगानं दोन रकाने आखले, 'गेले' आणि 'आले'. दुसऱ्या दिवशी फळा कोरा. तिसऱ्या दिवशीही कोरा. लिहीत का नाहीस असं पांडूला विचारलं तेव्हा तो पायानं वाळू उकरत म्हणाला, "कप्तान, गेलो म्हूण कसो बरोवं? गेलो म्हणल्यार मेलो न्हय?" घरातून निघताना आम्ही 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हटलं तर आई उंबऱ्याशी थांबवून परत बोलायला लावते. हे सदाला ठाऊक नव्हतं असं नाही, जहाजांवर इतकी वर्षं काढून विसरला होता. फळा उतरवला गेला. त्याऐवजी वही आली आणि वही माझ्याकडे. घरात तो हट्टानं 'गेले' म्हणत राहिला. किनाऱ्यावर सगळे 'येतां' म्हणत राहिले. संध्याकाळी पाच वाजता मी वाळूत उभा राहून वहीत बरोबरच्या खुणा करायच्या, असं ठरलं. तीस-पस्तीस वर्षं मुलांची हजेरी घेतलेल्या माणसाला यात काय अवघड?

आता माझी चूक सांगतो.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, दुपारनंतर अचानक वारा सुटला. पाचपर्यंत दहा होड्या लागल्या. पांडूची होडी नव्हती. त्याचा फोन लागेना, म्हणून मी त्याच्या घरी लावला. त्याची बायको भात वेळत होती, पाठीमागं भांड्यांचा आवाज. मी विचारलं, "पांडू खंय?" ती म्हणाली, "येतां म्हणलां तेणें." माझा जीव भांड्यात पडला. वाटेत आहे तर! मी वहीत पांडूपुढे खूण केली, वही काखेत मारली आणि घरी जाऊन चहा मागितला.

सहाच्या आधी सदा दारात आला. एवढी टेकडी उतरून, दुखऱ्या गुडघ्यानं. म्हणाला, "दहाच होड्यो आसात." मी म्हटलं, "पांडू येता. येतां म्हणलां तेणें." सदा म्हणाला, "केन्ना? सकाळीं, काय आतां?"

मी विचारलंच नव्हतं... पांडू 'येतां' म्हणाला होता तो पहाटे, घरातून निघताना. रोज म्हणतो तसं. त्याच्या बायकोनं मला तेवढंच सांगितलं आणि मी त्याला परतीच्या वाटेवर आणून सोडलं.

पुढचा तास सदा किनाऱ्यावर माडाखाली फोनवर होता. जीवरक्षक, किनाऱ्याचे पोलीस, केरीचे होडीवाले, तेरेखोलचे होडीवाले. वारा कुठून आहे, इंजिन बंद पडलं असेल तर होडी कुठं वाहत जाईल, हे तो सगळ्यांना एकाच ठाम सुरात सांगत होता. मी त्याच्या मागं उभा होतो. तेव्हा मला दिसलं, की त्याचा डावा हात माडाला घट्ट धरून आहे आणि तासभर सुटलेला नाही. आवाजात काही नाही, सगळं त्या हातात. दिवस मावळता मावळता पांडूची होडी उत्तरेला बरीच दूर सापडली. इंजिन बंद, आत गुडघाभर पाणी, दोघं डब्यानं पाणी उपसत होते. दोघंही वाचले. पांडूची बायको त्याला घेऊन माझ्या समोरून निघून गेली. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

 चार दिवसांनी सदानं मला घरी बोलावलं. सोप्यावर बसून त्यानं नोकरीतली एकच गोष्ट सांगितली, पूर्वी कधीही न सांगितलेली. नवा नवा अधिकारी असताना त्याच्यावर एक काम होतं. बंदरावरून माणसं छोट्या बोटीनं जहाजावर आणायची आणि शिडी चढून आली की यादी वाचायची. भरदुपारी, स्वच्छ उजेडात. एका नावाला "हजर" असं उत्तर आलं, यानं खूण केली. उत्तर त्या माणसाच्या मित्रानं दिलं होतं. त्याला वाटलं, आपला दोस्त पलीकडून चढला असेल, उगाच साहेबाला कशाला खोळंबवा. पण दोस्त शिडीवरून पाण्यात पडला होता. "दोन तासांनी तो गावलो," सदा म्हणाला. "जिवंत न्हय."

 तोच पुढं म्हणाला, "विष्णू, होड्यो मोजूं नाका. मनीस मोज. आनी आपलें नांव आपणें सांगचें. बायलेन न्हय, भावान न्हय. ताच्या तोंडातसून आयकल्याबगर खूण करूं नाका. आनी पांच वाजून धा मिनटांनी एक जरी उणो आसलो, बोंब मार." मी म्हटलं, "आणि उगाच बोंब ठरली तर? लोक हसतील." तो म्हणाला, "हांसूं दी."

तेव्हापासून तोच नियम. संध्याकाळी ओले, दमलेले बाप्ये एकेक करून माझ्यासमोर येऊन आपलं नाव सांगायचे, शाळेतल्या पोरांसारखे. चिडायचे, पण सांगायचे, कारण वर गॅलरीत कप्तान बसलेला असायचा. सगळ्या खुणा झाल्या की मी वर बघून हात करायचो. तो हात करायचा आणि आत जायचा. वहिनींनी नंतर सांगितलं, की त्या दोन वर्षांत तो दुपारी कधी आडवा झाला नाही आणि माझा हात वर होईपर्यंत पाणीसुद्धा प्यायचा नाही. मी ज्याच्या शांतपणावर टेकून बसलो होतो, तो माझ्याहून जास्त भित्रा होता. फक्त भ्यायल्यावर काय करायचं हे त्याला माहीत होतं. मला ते माहीत नाही. त्याच्या चितेशेजारी उभा असताना माझ्या मनात दुःखाच्याही आधी हेच आलं, की उद्या पाच वाजता मी काय करू? वर बघायला कोण आहे?

त्याचं बारावं झालं आणि दोनएक आठवड्यांनी, चतुर्थी तोंडावर आली असताना, दुपारी तसाच वारा सुटला. पाच वाजले. बाबुसोची होडी नाही. तिघे जण. बाबुसो म्हणजे गावातला सर्वांत तोंडाळ माणूस. त्याचा फोन बंद. घरी लावला तर म्हातारी आई म्हणाली, "येतां म्हणलां पुता तेणें." मी विचारलं, "केन्ना?" ती म्हणाली, "सकाळीं रे पुता."

पाच वाजून पाच.  बाजूचे म्हणत होते, बाबुसो खमका आहे, कुठंतरी आडोशाला थांबला असेल, मास्तर उगाच भितात. खरंच थांबला असेल तर? चतुर्थीच्या गडबडीत सगळा गाव पळवायचा? मी सवयीनं वर बघितलं. गॅलरीत वहिनी उभ्या होत्या, पांढऱ्या साडीत, रिकाम्या खुर्चीला धरून. त्यांनी काहीच खूण केली नाही. पाच वाजून दहा मिनिटं झाली आणि मी बोंब मारली. जीवरक्षक, पोलीस, केरी, तेरेखोल, सगळ्यांना. सदासारखा सूर काही लागला नाही. माझा आवाज फाटत होता, आकडे चुकत होते, एकाला तर मी होडीचा रंगच भलता सांगितला. पण दोन होड्या सुटल्या. बाबुसोची आई वाळूत येऊन बसली आणि छाती पिटू लागली.

पाऊण तासानं टेकडीच्या कडेनं तीन होड्या आल्या. मधली बाबुसोची. तो केरीला आडोशाला थांबून चहा पीत बसला होता आणि फोनची बॅटरी संपली होती! होडी वाळूला लागायच्या आत तो उडी मारून माझ्या अंगावर धावून आला. "मास्तर, आमी मेलों म्हूण सांगलें तुमी गांवाक? ती आवय पळयात! रडून रडून आडवी पडल्या! सगळ्या केरीन आमकां हांसून घेतलें!" लोक हसत होते. कुणीतरी मागून म्हणालंही, "कप्तान आसतो जाल्यार..."  मी वही उघडली आणि पेन्सिल काढली.

मी म्हटलं, "शिव्या मागीर दी. पयलीं नांव सांग."

बाबुसोनं आधी एक अस्सल शिवी हासडली आणि मग आपलं नाव सांगितलं.