ज्वारीच्या बाळाची आंघोळ

समोरच्यानं काही उचलायला हात पुढं केला की मला शिकवायला येणारी ती पोरगी आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. मदत करायचा मोह होऊ नये म्हणून. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर त्याचा आधी तुम्हाला रागच आला असेल. मला तर फार आला होता. आपल्याकडं आजारी माणसाच्या हातातला पाण्याचा पेलासुद्धा काढून घेतात, आणि ही बया मी लटपटत कप उचलताना नुसती टक लावून बघत बसते!

मला लकवा मारून गेला होता. तोंड सरळ झालं, पाय चालू लागला, डावा हातही हलायला लागला. पण त्या हाताला काही कळेना. एकदा भाकरी उलटताना तो तव्याच्या कडेला टेकला. मला जळका वास आला तेव्हा समजलं. आमच्या यांनी त्याच दिवशी गॅसचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवला. मी माझ्याच हाताला भ्यायला लागले. अंथरुणात तो अंगाला लागला तरी दचकायची, कुणा परक्याचा वाटायचा.

अशात लेकीचे दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण, माहेरी कंधारला यायचं ठरलेलं. पण लातूरहून तिच्या सासूबाईंचा फोन आला, "विहीणबाई, तुमचा हातच चालंना. लेकराला न्हाऊ कोण घालणार? इथंच करू की." बोलल्या त्या मायेनं, म्हणून जास्त लागलं. हे म्हणाले, न्हाऊ घालायला बाई लावू. मी ऐकलं नाही. माझ्या आईनं माझ्या लेकीला पायावर घेऊन न्हाऊ घातलं होतं. आता माझी पाळी होती.

नांदेडच्या डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपिस्ट पाठवतो, रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी, असं सांगितलं, तेव्हा मला वाटलं, कसलंसं मशीन घेऊन कुणी येईल. आली ती लोह्याकडची एक पोरगी, एसटीनं, खांद्याला कापडी पिशवी.

"काकू, तुमाला काय करायचंय?" तिनं विचारलं.

"काय म्हणजे? बरं व्हायचंय."

"हाव, पण बरं होऊन काय करायचंय?"

मी सांगितलं. ती उठली आणि थेट आमचं न्हाणीघर बघायला गेली.

पुढच्या खेपेला तिनं ज्वारी मागितली. पिशवीत भरली, वर टॉवेल गुंडाळला, लेकीचं जुनं अंगडं चढवलं.

"आता तेल लावा."

"ज्वारीला?"

"लेकराला लावता न्हवं? मग हिलाबी लावा. लेकरू निसटतंय ते तेलानंच."

हे दारातून डोकावून म्हणाले, "नात आज्यावर गेलीय. पोट बघा." ती खळखळून हसली. मी हसले नाही.

तिचं एक पालुपद होतं, "आधी डोळे, मग हात." हाताला कळत नाही ते डोळ्यानं बघायचं. पाणी उजव्या कोपरानं तपासायचं. बोलायचं नाही, वर बघायचं नाही. रोज त्या ज्वारीच्या बाळाला न्हाऊ घालून घालून मला थोडा धीर आला, आणि धीर आला की माझं तोंड सुटतं. एके दिवशी विहीणबाईंविषयी मी तिला काहीतरी रंगवून सांगत होते. डाव्या हातात बाळाची मान, उजव्या हातात तांब्या. बोलता बोलता तिच्याकडं बघितलं, तर तिचा चेहरा पांढराफटक. तिचे हात मांडीखालून निघाले होते, पण उशीर झाला होता. खाली पिशवी फुटून ज्वारी मोरीकडं वाहत होती. माझा डावा हात मात्र तसाच वाकलेला होता, अजून मान धरल्यासारखा.

भिंतीला टेकून मी कशीबशी म्हणाले, "राहू दे तिला लातूरलाच. माझ्यानं व्हायचं न्हाई."

तिनं मला धीर दिला नाही. म्हणाली, "मीबी भ्याले, काकू. लई भ्याले. ह्यो हात कवा सोडील, सांगता यायचं न्हाई." मग बराच वेळ ती ज्वारी गोळा करत राहिली. "पण धरूनच न्हाऊ घालायचं, असं कुणी सांगितलं?"

"माझी आई असंच घालायची."

"तुमच्या आईला दोन हात होते."

इतकं तोंडावर मला कुणी बोललं नव्हतं. त्या दिवशी मी तिला चहासुद्धा विचारला नाही. पण नंतर तिनं सांगितलं तसंच केलं. मी बसायचे तो पाट काढून टाकला. भिंतीला पाठ लावून सतरंजीवर पाय पसरायचे, दोन्ही नडग्यांच्या मधे जाड टॉवेल आणि त्यात बाळ. पाणी लेकीनं घालायचं. चोळायचं उजव्या हातानं. डावा हात बाळाच्या पोटावर नुसता ठेवायचा, त्याच्यावर भार कसलाच नाही.

विहीणबाईंना मी स्वतः फोन केला, ज्वारी सांडल्याचंही आणि या नव्या रीतीचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पाठवते."

लेक आली त्याच आठवड्यात ती पोरगी शेवटची येऊन गेली. तिला निजामाबादकडं नोकरी लागली होती. "तू समोर बस की गं पहिल्या आंघोळीला," मी म्हणाले. मला खरंच रडू येत होतं. "मी बसले तर तुमी माझ्याकडंच बघाल," ती म्हणाली आणि एसटी गाठायला निघून गेली.

नात झाली. घरी आल्यावर पहिल्यांदा पायावर घेतली तेव्हा मी इतकी भ्याले की लेकीनं माझे गुडघे दाबून धरले. भीती दुसऱ्या दिवशी गेली नाही, आठवड्यानंही गेली नाही. मग एका सकाळी पाणी घालता घालता लेक म्हणाली, "आई, कोरडा टॉवेल आत राहिला. आणते," आणि उठून गेली. सहज. पायावर ओलं, तेलकट, जिवंत लेकरू हातपाय झाडत होतं आणि दारात कुणी नव्हतं. लेक टॉवेल घेऊन येईपर्यंत मी तिच्यावरची नजर हलवली नाही, आम्ही दोघीच होतो.