स्वखुशीने येणार आहेत

विहिरीच्या सफाईसाठी मी स्वयंसेवक झाले आहे, ही बातमी मला दात घासताना कळली. गावदेवीच्या देवळावरचा भोंगा खरखरला, त्यात कोणीतरी दोनदा जोरात फुंकलं आणि पाठोपाठ जनीआत्याचा आवाज घुमला: "हॅलो, हॅलो. मोरिवलीच्या समस्त मंडलींना कलविन्यात येते, की आपल्या गावची केमिस्ट्रीवाली पोर रविवारी स्वखुशीने विहीर साफ करायला येनार हाय. तिची आईपन येनार हाय. स्वखुशीने." स्वयंपाकघरात आईच्या हातातली भाकरी तव्याऐवजी ओट्यावर पडली.

जनीआत्या आमच्या समोरच्या घरात राहायची. तिची भातशेती कधीच कारखान्यांच्या कुंपणाआड गेली होती, नवरा वारला होता आणि दोन्ही मुलगे कल्याणला स्थायिक झाले होते. देवळातली वायर खराब झाल्यामुळे भोंग्याची वीज तिच्या पडवीतून घेतलेली होती, त्यामुळे माइकही तिच्याच घरी राहत असे. धूळ बसू नये म्हणून तिने त्याला नातवाची जुनी माकडटोपी घातली होती. रोज संध्याकाळी, आणि निकड असली तर सकाळीही, ती टोपी उतरली, की गावाच्या बातम्या सुरू होत.

या बातम्यांना संपादक नव्हता. पाणी उशिरा येणार, अमक्याची शेळी सापडली, तमक्याचं लग्न जमलं, इथपर्यंत ठीक. पण आत्याला नुसत्या माहितीवर थांबणं जमत नसे. "पोरगी बदलापूरची हाय, कात्रपची. पोरापेक्षा उंच हाय, पन चालतंय." एकदा बातम्यांच्या मध्येच तिने नाकाने वास ओढला आणि ती म्हणाली, "पाटलांचे सूनबाई, डाल लागली गो तुझी. आधी ग्यास बंद कर, मंग पुढचं सांगते." आणि ती खरोखर थांबली. गावही थांबलं. पाटलांच्या खिडकीतून "केला, आत्या!" अशी आरोळी आल्यावरच पुढची बातमी लागली.

माझ्या नेमणुकीचा जाब विचारायला मी त्याच दिवशी तिच्याकडे गेले.

"आत्या, मला आधी विचारायचं तरी."

"आधी इचारलं की मानसा 'नाय' बोलतान. आधी सांगितलं की येतान." ती लसूण सोलत शांतपणे म्हणाली. "तू येशी ना?"

"येईन."

"मंग? स्वखुशीनंच झालं की."

युक्तिवाद सदोष होता, परंतु निष्कर्ष खोडता येत नव्हता. रविवारी विहिरीवर निम्मं गाव हजर होतं आणि त्यातल्या एकालाही कोणी विचारलेलं नव्हतं.

हे सुरळीत चालू असताना देवळासमोर नवी इमारत उभी राहिली आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर देशमाने नावाचे निवृत्त बँक अधिकारी राहायला आले. भोंग्याचं तोंड नेमकं त्यांच्या बाल्कनीकडे होतं. कोणाची डाळ लागली हे ऐकण्यासाठी आपण निवृत्त झालेलो नाही, असं त्यांनी देऊळ समितीला स्पष्ट सांगितलं. समितीचे अध्यक्ष कमळाकरकाका भांडणाला घाबरत. भोंगा कायमचा उतरवायचा का, हे पुढच्या महिन्याच्या बैठकीत ठरवू आणि तोवर व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप वापरून बघू, असा तोडगा त्यांनी काढला.

त्या संध्याकाळी आत्या पडवीत बसली होती. माइक मांडीवर, टोपीसकट.

"माइक हाय तवर मी जनीआत्या," ती म्हणाली. "माइक गेला की समोरची म्हातारी. कोन येतंय मंग माझ्या दारात?"

तिला इतकं कमी बोलताना मी प्रथमच ऐकत होते. मी तिला फोनवर आवाज पाठवायला शिकवलं. तिने फोनमध्ये दोनदा जोरात फुंकलं, "हॅलो, हॅलो" म्हटलं आणि नाल्याच्या सफाईचा सविस्तर निरोप पाठवला. कोण कोण स्वखुशीने येणार, तेही त्यात होतं. ग्रुपवर उत्साहाचा पूर आला. रविवारी नाल्यावर मात्र आत्या, मी आणि एक कुत्रा असे तिघेच होतो.

"आंगठे आले," आत्या फावडं टेकत म्हणाली, "मानसा नाय आली."

मी शास्त्राची विद्यार्थिनी असल्याने कारणाचा विचार केला. फोनवर नुसता अंगठा पाठवून सुटता येतं, किंवा निरोप पाहिलाच नाही, असं सांगता येतं. भोंगा मात्र सगळे एकाच वेळी ऐकतात आणि शेजाऱ्याने ऐकलं आहे, हेही प्रत्येकाला ठाऊक असतं. तिथे पळवाट नाही. हे सगळं मी आत्याला सुसंगतपणे समजावून सांगितलं. तिने लक्षपूर्वक ऐकलं आणि ती म्हणाली, "म्हंजे देशमान्यांनापन पलवाट नाय."

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी माकडटोपी उतरली.

"हॅलो, हॅलो. कलविन्यास आनंद होतो, की समोरच्या बिल्डिंगमधले देशमाने साहेब, ज्यांचे कान आपल्या गावात सगल्यात चांगले हायत, ते उद्यापासून रोज संध्याकाली स्वखुशीने भोंग्याचा आवाज कमी-जास्त करून देनार हायत. बटन त्यांच्या हातात. साहेबांचे आभार."

दुसऱ्या दिवशी देशमाने बैठकीसाठी तावातावाने खाली उतरले, ते थेट सत्कारात सापडले. कमळाकरकाकांनी सुटकेचा निःश्वास टाकून त्यांच्या हातात नारळ दिला. बायकांनी चहा आणला. पाटलांच्या सूनबाई म्हणाल्या, "साहेब, तुमच्यासारखी शिकलेली माणसं पुढे येतात, बरं वाटतं." देशमान्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. नारळ हातात असताना माणसाला भांडता येत नाही, असं माझं निरीक्षण आहे. अखेर ते म्हणाले, "आधी त्याचं तोंड तिकडे फिरवा."

भोंगा फिरला आणि राहिला. देशमाने रोज पडवीत येऊन बसू लागले. बटणावर बोट, कपाळावर आठी. महिनाभरात त्यांनी आत्याची वाक्यं दुरुस्त करायला सुरुवात केली आणि तिला सर्दी झाली त्या दिवशी स्वतः माइक घेतला. "सन्माननीय ग्रामस्थहो, एक तपकिरी शेळी बेवारस स्थितीत आढळून आलेली आहे." पुढच्या आठवड्यात त्यांच्या आवाजाविरुद्ध त्यांच्याच इमारतीतून तक्रार आली. आत्याने त्या तक्रारदाराचं नाव विचारून घेतलं. एका नव्या स्वयंसेवकाची तिला गरज होतीच.

गेल्या वर्षी मला बंगळुरूला संशोधनाची जागा मिळाली. कोणाला फार बोलायचं नाही, शांतपणे निघायचं, असं मी ठरवलं होतं. उल्हासनगरचा रिक्षावाला बॅगा चढवत होता. समोरची पडवी रिकामी पाहून मला जरा वाईट वाटलं. तेवढ्यात आत्याच्या बंद दाराआडून कुजबुज ऐकू आली आणि भोंगा खरखरला.

"हॅलो, हॅलो. आपली केमिस्ट्रीवाली पोर आज मोठं शिकायला चालली हाय." आवाज क्षणभर अडखळला, बटणावरच्या देशमान्यांनी तो हळूच वाढवला. "शिकून झालं, की ती स्वखुशीने मोरिवलीत परत येनार हाय आनि दर रविवारी गावातल्या पोरांना सायन्स शिकवनार हाय. फुकट."

गल्लीतल्या खिडक्यांमधून टाळ्या वाजल्या. मी आईकडे पाहिलं. आई आकाशाकडे पाहत होती.

रिक्षा नाक्यावर आली, तेव्हा रिक्षावाला आरशातून म्हणाला, "मॅडम, मेरी भी लडकी है, सातवीं में. क्लास संडे को सुबह रहेगा या शाम को?"

"सुबह," मी म्हणाले.