सत्काराचं ताट
झेंडूचा वास आला की माझ्या नाकात अजूनही फॉर्मालिन शिरतं. ऐंशीच्या दशकात देशभरातल्या प्राणिशास्त्रज्ञांच्या संस्थेचं अधिवेशन आमच्या ब्रह्मपुरीच्या कॉलेजात भरलं, तेव्हा विभागात बाई अशी मी एकटीच. वैनगंगेतल्या मासोळ्यांवरचा माझा शोधनिबंध संस्थेच्या तरुण संशोधकांच्या बक्षिसाच्या स्पर्धेसाठी निवडला गेला होता. पण पाहुण्यांची जीप उशिरा आली, उद्घाटन लांबलं, आणि शेजारच्या वर्गात निबंधवाचन सुरू झालं तरी मी मंचावर हारांचं ताट धरून उभीच. विभागप्रमुखांच्या कानाशी म्हटलं, "सर, माझा नंबर येऊन राह्यला." ते म्हणाले, "मंग काय बाई, ताट मी धरू? थांबा ना जरासं." सत्कार काही संपेनात. मागच्या टेबलावर फॉर्मालिनच्या बरण्यांमध्ये मीच जमवलेल्या मासोळ्या, पुढ्यात झेंडूचा ढीग, आणि दोन्ही हात असे अडकलेले की डोळ्यांत उतरणारा घामही पुसता येईना. भिंतीपलीकडून माझं नाव पुकारलं गेलं. पुन्हा पुकारलं. मग कोणीतरी "गैरहजर" म्हणालं, आणि इकडे पुढच्या पाहुण्यांनी हारासाठी मान वाकवली. परवा त्याच संस्थेच्या अधिवेशनात अध्यक्ष म्हणून माझा सत्कार होता. ताट धरलेली तरुण संशोधिका सारखी दाराकडे पाहत होती. "तुहा निबंध कधी हाय वं?" मी विचारलं. "आत्ताच," ती पुटपुटली. "मंग पळ," म्हटलं, आणि ताट तिच्या सरांच्या हातात दिलं.